युद्धपटांतील शौर्य आणि भय : धुळ्याच्या गीताप्रवचनांच्या अनुषंगाने

युद्धपटांची समीक्षा बहुधा देशभक्ती, इतिहासनिष्ठा आणि तांत्रिक सफाई या तीन अंगांपाशी थांबते. शौर्य व भय या भावांचा परस्परसंबंध चित्रपट कसा मांडतो, हा प्रश्न त्यामुळे मागे पडतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा मराठी परंपरेच्या आधारे विचार केला आहे.

भरताच्या रसविचारानुसार उत्साह हा वीररसाचा, तर भय हा भयानकरसाचा स्थायीभाव होय. हे दोन रस एकाच आश्रयाच्या ठिकाणी आल्यास परस्परविरोधी ठरतात, असे आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त म्हटले असून, त्यावर भिन्न आश्रयाचा उपाय सांगितला आहे : उत्साह नायकाकडे, भय त्याच्या शत्रूकडे. लोकप्रिय युद्धपट नकळत हीच वाट चालतात. आपला सैनिक निर्भय, शत्रू भेदरलेला. वीररस यामुळे निर्भेळ राहतो. परंतु ज्याला भयच नाही, त्याने नेमकी कशावर मात केली, हा प्रश्न अनुत्तरित राहतो.

या संदर्भात खानदेशातील एका वाङ्मयीन घटनेचे स्मरण उद्बोधक ठरेल. विनोबा भावे यांनी १९३२ साली २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली. अमळनेरच्या शाळेत अध्यापन केलेले साने गुरुजी त्याच तुरुंगात होते. त्यांनीच ती लिहून घेतली. पहिल्याच प्रवचनात विनोबांनी अर्जुनाच्या अवस्थेची चिकित्सा केली आहे. अनेक लढाया जिंकलेला अर्जुन भ्यालेला नाही, त्याला अहिंसाही पटलेली नाही. त्याला स्वजनांची आसक्ती झाली आहे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. शेकडोंना फाशी सुनावणारा न्यायाधीश स्वतःचा मुलगा आरोपी म्हणून समोर येताच फाशीच्या शिक्षेविरुद्ध बोलू लागतो, हा त्यांचा दृष्टांत प्रसिद्धच आहे. रणांगणावर थांबलेले पाऊल भयानेच थांबलेले असते असे नाही, आणि पुढे पडलेले पाऊल शौर्याचेच असते असेही नाही, हा विवेक या विवेचनातून हाती येतो.

हाच विवेक मराठी वीरकथांना लावून पाहता येतो. १६७० मधील सिंहगडाच्या कथेवर हरि नारायण आपटे यांनी ‘गड आला पण सिंह गेला’ ही कादंबरी लिहिली. तिच्या आधारे बाबूराव पेंटर यांनी १९२३ साली ‘सिंहगड’ हा मूकपट काढला. त्यात शेलारमामांची भूमिका करणारे व्ही. शांताराम यांनी पुढे १९३३ साली याच कथेवर बोलपट केला. या कथेचा कळस तानाजीच्या मृत्यूनंतर येतो. मावळे माघार घेऊ लागतात आणि सूर्याजी परतीचे दोर कापल्याचे सांगून त्यांना फिरवतो. येथे भय शत्रूच्या गोटात नाही, ते आपल्याच माणसांत आहे. आणि तीच माणसे गड घेतात. दोन्ही रसांचा आश्रय एकच असूनही रसभंग होत नाही, कारण भयाकडून उत्साहाकडे होणारा प्रवासच येथे कथेचा विषय झाला आहे.

पन्हाळ्याच्या वेढ्यातील शिवा काशीद याचे उदाहरण याहून सूक्ष्म आहे. २०२२ सालच्या ‘पावनखिंड’ या चित्रपटाने १६६० मधील ही मोहीम पुन्हा पडद्यावर आणली. बाजीप्रभूंचे शौर्य तलवारीत दिसते. शिवा काशीदने शस्त्र गाजवलेले नाही. मरण ठाऊक असूनही त्याने महाराजांचा वेश घेतला आणि तो पालखीत बसला. असे शौर्य दाखविण्यास कॅमेऱ्याला चेहऱ्यापाशी थांबावे लागते, आणि युद्धपटाच्या वेगाला हे थांबणे मानवत नाही.

नाना पाटेकर दिग्दर्शित ‘प्रहार’ (१९९१) हा हिंदी चित्रपट हाच प्रश्न रणांगणाबाहेर नेतो. कठोर प्रशिक्षणातून घडलेल्या कमांडोची मुंबईत गुंडांकडून हत्या होते आणि शेजारीपाजारी भयाने गप्प राहतात. मेजर चव्हाणांना या भयाचा उलगडा होत नाही. छावणीत शिकविता येणारे शौर्य वस्तीत का उगवत नाही, हा या चित्रपटाचा खरा प्रश्न होय. त्याने दिलेले हिंसक उत्तर वादग्रस्त मानले, तरी प्रश्नाचे मोल कमी होत नाही.

त्याचे एक उत्तर खानदेशाच्याच इतिहासात आढळते. ९ सप्टेंबर १९४२ रोजी, तेव्हाच्या पश्चिम खानदेश जिल्ह्यातील नंदुरबार येथे, विद्यार्थ्यांच्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात शिरीषकुमार मेहता व त्याचे चार सहकारी हुतात्मे झाले. ही मुले सैनिक नव्हती आणि त्यांच्या हाती शस्त्रही नव्हते. त्यांना अतिमानवी निर्भय ठरविणे म्हणजे त्यांचे श्रेय कमी करणे होय.

हा प्रश्न केवळ रसमीमांसेपुरता उरत नाही. जळगाव-धुळे परिसरातील अनेक तरुण सैन्यभरतीची व पोलीसभरतीची तयारी करतात, आणि शौर्याची त्यांची पहिली प्रतिमा बहुतेकदा पडद्यावरूनच आलेली असते. खऱ्या शूराला भीती वाटतच नाही, असे पडद्याने शिकविल्यास स्वतःच्या मनातील स्वाभाविक भीती त्यांना नामर्दपणा वाटू लागते आणि ती बोलून दाखविणे अशक्य होते. म्हणून युद्धपटाच्या मूल्यमापनात एक कसोटी अवश्य असावी : त्याने आपल्या नायकाला भिण्याची मुभा दिली आहे काय? ती दिलेली असेल, तरच त्याच्या शौर्याला अर्थ प्राप्त होतो.