शेवयांच्या हातमशिनला ड्रिल जोडताना

मढीच्या कानिफनाथांची यात्रा पाडव्याला उरकते आणि तिसगावातल्या घरांत शेवयांचं हातमशीन माळ्यावरून खाली येतं. पाच किलो पीठ काढायचं म्हणजे दांडा फिरवणारीचे खांदे रात्रभर ठणकतात. घरात ड्रिल असेल तर तो दांडा त्याला फिरवू द्यावा. जोडणी मात्र नीट हवी.

भिंतीला भोक पाडायचं विजेचं छोटं ड्रिल इथे कामाचं नाही. ते मिनिटाला अडीच-तीन हजार फेरे मारतं. हळू चालवलं तर जोर मरतो, आतला पंखाही मंदावतो आणि मोटार तापून जळते. १८ व्होल्टचं, दोन गिअरचं बॅटरी ड्रिल घ्या. दुपारी लाइट गेली तरी काम अडत नाही. शिवाय त्याला आकडे लिहिलेली क्लचची कडी असते. मळसूत्र अडकलं की क्लच कटकट करत सुटतो, आणि मशीन तुटायचं वाचतं.

दांडा ज्या स्क्रूने बसवलेला आहे तो काढा. तोच खिशात घालून हार्डवेअरच्या दुकानात जा आणि त्याच आट्याचा षटकोनी माथ्याचा बोल्ट मागा. अंदाजाने आणलेला बोल्ट आटे खाऊन टाकतो. तो ८ मिलिमीटरचा निघाला तर त्याला १३ नंबरचा सॉकेट बसतो. सॉकेट ड्रिलमध्ये धरायचा अडॅप्टरही तिथेच मिळतो. बोल्टवर आधी नट चढवा, बोल्ट दांड्याच्या जागी पिळा, मग नट मशिनकडे आवळून पक्का करा. मशीन उजवीकडे फिरणारं असेल तरच ही जोडणी करा, कारण त्या दिशेने बोल्ट आवळत जातो. ड्रिल चुकूनही उलटं फिरवू नका, लगेच सुटेल.

मशीन जड बाकाला शिकंज्याने घट्ट आवळा. पहिला गिअर, क्लच सगळ्यात कमी आकड्यावर. रिकामं फिरवून बघा, मग पिठाचा एक मुटका घाला. क्लच सुटत असेल तर एकेक आकडा वाढवा. एवढ्यानेही फिरेना, तर पीठ घट्ट आहे. आकडा आणखी वाढवण्यापेक्षा पाण्याचा हात लावून पीठ पुन्हा मळा.

ड्रिल दोन्ही हातांनी धरा, अडकल्यावर ते मनगटाला हिसका देतं. वेग हाताच्याच चालीचा ठेवा, मिनिटाला ४०-५० फेरे. जाळीखाली काठीवर शेवया झेलणारी बाई सांगेल तो वेग खरा. तिचा हात मागे पडला की शेवयांचा गुंता होतो.

बोटांची काळजी सगळ्यात जास्त घ्यावी. हाताने दांडा फिरवताना काही अडलं तर लगेच जाणवतं, थांबता येतं. ड्रिलला बोट आणि पीठ सारखंच. पीठ लाकडी मुसळीनेच दाबा. पदर खोचलेला, ओढणी काढून ठेवलेली, वेणी मागे बांधलेली हवी. पोरांना ड्रिलचा खटका देऊ नका. जाळी बदलताना आधी बॅटरी काढून बाजूला ठेवा.

दर दोन-तीन घाण्यांनी ड्रिलला हात लावून बघा. चटका बसण्याइतकं तापलं असेल तर चहा होईपर्यंत विसावा द्या.

काम झालं की बोल्ट काढा. मळसूत्राला चिकटलेलं पीठ वाळू द्या, काडीने टोकरलं की सुटतं. मग धुऊन, उन्हात वाळवून गोडेतेलाचा हात फिरवा. मूळचा स्क्रू आणि दांडा फडक्यात बांधून मशिनच्या तोंडातच ठेवा. पुढच्या वर्षी बॅटरी बसलीच, तर शोधत बसायला नको.