छापून आलं, आणि हातचं गेलं

बनावट नियतकालिकात लेख दिला की पैसे बुडतात, हे आता बहुतेक संशोधक विद्यार्थ्यांना ठाऊक झालंय. पण पैशांबरोबर वर्षानुवर्षं गोळा केलेलं साहित्यही बुडतं, हे त्यांना फारसं कुणी सांगत नाही. मी ते जवळून पाहिलं, म्हणून लिहिते आहे.

आमच्याच परिसरातली एक विद्यार्थिनी ऊसतोड कामगार स्त्रियांवर पीएच.डी. करत होती. बीड जिल्ह्यातल्या गावांत राहून, हंगामात फडावर जाऊन तिने मुलाखती घेतल्या होत्या. प्रबंध सादर करण्याआधी किमान एक शोधनिबंध प्रसिद्ध झालेला हवा, ही विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१६ च्या नियमावलीतली अट तेव्हा लागू होती. मुदत जवळ आलेली, गाईडना वेळ नाही, आणि नेमका तेव्हाच एका ‘आंतरराष्ट्रीय बहुविद्याशाखीय’ नियतकालिकाचा मेल आला. तिने पैसे भरले. आठवड्याच्या आत लेख छापून आला, सोबत रंगीत प्रमाणपत्रही. लेख कुणी वाचल्याची खूण मात्र कुठेच नव्हती. तिच्या टायपिंगच्या चुकासुद्धा जशाच्या तशा छापल्या होत्या.

पदवी मिळाली. मग तेच काम नीट मांडून एखाद्या चांगल्या नियतकालिकाकडे पाठवावं, म्हणून ती माझ्याकडे आली. आम्ही ज्या नियतकालिकाला विचारलं, तिथल्या संपादकांचा पहिलाच प्रश्न होता: यातला मजकूर आधी कुठे प्रसिद्ध झालाय का? हो म्हटल्यावर विषय संपला. लेख मागे घ्यावा म्हणून तिने आधीच्या प्रकाशकाला लिहिलं, तर त्याने मागे घेण्याचेही पैसे मागितले आणि पुढे उत्तर देणंच बंद केलं. प्रबंध ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात असला तरी बहुतेक चांगली नियतकालिकं त्याला आधीचं प्रकाशन मानत नाहीत. पण कितीही टाकाऊ नियतकालिक असो, त्यात लेख आला की ते प्रकाशनच धरलं जातं.

तो लेख मी वाचला तेव्हा फार वाईट वाटलं. सुरुवात ‘भारत हा कृषिप्रधान देश आहे’ इथून. मग स्थलांतराच्या व्याख्या, मग संशोधनाची उद्दिष्टं, गृहीतकं, मर्यादा. आणि शेवटून दुसऱ्या पानावर, एका परिच्छेदाच्या पोटात, तिने फडावर ऐकलेली गोष्ट. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात, मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, त्या जोडीच्या नावावर असते, आणि बाई आजारपणाने किंवा पाळीमुळे एक दिवस बसली तरी ‘खाडा’ पडून दंड जोडीच्या हिशोबात लागतो. बाईचं दुखणं घराच्या कर्जात कसं जमा होतं, ते त्या चार ओळींत होतं. लेख तिथून सुरू व्हायला हवा होता. हे तिला सांगणारं माणूस वेळेवर भेटलं नाही.

या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त सलतं ते हेच. आपण विद्यार्थ्यांना संशोधनपद्धती शिकवतो, संदर्भ कसे द्यायचे ते शिकवतो. शोधनिबंध लिहायला मात्र शिकवत नाही. तो त्यांना आपोआप येईल असं धरून चालतो. येत नाही. मग प्रबंधातलं एक प्रकरण उचलायचं, कापून पंधरा पानांचं करायचं आणि पाठवून द्यायचं. प्रकरण वेगळं, निबंध वेगळा. प्रकरणाला ‘मी सगळं वाचलंय’ हे परीक्षकाला दाखवावं लागतं. निबंधाला एकच प्रश्न विचारून त्याचं उत्तर द्यायचं असतं; त्या उत्तराला लागेल तेवढंच पूर्वसंशोधन आत येतं.

तिच्याकडे सुदैवाने न वापरलेलं काही होतं. एका मुकादमाने आपल्या हिशोबाच्या वहीची पानं तिला उतरवून घेऊ दिली होती. रकाने साधेच: नाव, उचल, तोडलेले टन, खाडे, बाकी. आम्ही दोघी ती पानं घेऊन बसलो. मी तिला एवढंच विचारत राहिले, ‘यात तुला काय दिसतं, ते एका वाक्यात सांग.’ आधी ती पुस्तकातली भाषा बोलत होती, शोषण, संरचना वगैरे. मग कधीतरी म्हणाली, ‘मॅडम, बाकी शून्य झालेलं नावच नाही. सगळ्यांची पुढच्या हंगामावर ओढलीय.’ ते वाक्य आम्ही कागदावर लिहिलं आणि बाकीचा निबंध त्याच्या आधाराने उभा केला. त्याला वेळ लागला, पण तो योग्य ठिकाणी छापून आला.

मार्गदर्शकांना माझी कळकळीची विनंती आहे. अख्खा मसुदा मागवून त्यावर लाल रेघा मारण्यापेक्षा एका परिच्छेदावर विद्यार्थ्याशेजारी बसा. वाक्य का बदललं हे त्याला डोळ्यांसमोर दिसू द्या. आणि हे पहिल्या-दुसऱ्या वर्षीच करा. प्रबंध बांधायला टाकल्यावर उपयोग नाही. निबंधावर आपलं नाव घालायचं असेल, तर त्यात आपलं खरं काम असावं. केवळ गाईड म्हणून नाव लावण्याची पद्धत मला मान्य नाही.

नियतकालिक कसं पारखायचं, याबद्दल गैरसमज फार आहेत. ‘आयएसएसएन आहे ना’ हे उत्तर मी सतत ऐकते. तो आठ अंकी क्रमांक केवळ ओळखीसाठी असतो, दर्जाशी त्याचा संबंध नाही. यादीवर विसंबण्याचे दिवसही गेले. यूजीसीने २०१७ मध्ये मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी काढली. २०१८ मध्ये भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी ‘करंट सायन्स’मध्ये दाखवून दिलं, की विद्यापीठांच्या शिफारशीने त्यात आलेल्या आणि कुठल्या सूचीत नसलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक हलक्या दर्जाची असू शकतात. त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीने ४,३०५ नावं काढून टाकली. पुढे यूजीसीचीच ‘केअर’ यादी आली, तीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाल्याचं जाहीर झालं. आता पारख आपल्यालाच करायची आहे.

मी विद्यार्थ्यांना सांगते, आधी त्या नियतकालिकातले दोन लेख पूर्ण वाचा. आपल्या निबंधात ज्यांचे संदर्भ आहेत, ते अभ्यासक तिथे लिहितात का, ते पाहा. संपादक मंडळातल्या एखाद्या प्राध्यापकाला त्यांच्या विद्यापीठाच्या पत्त्यावर मेल करून विचारा. आपलं नाव तिथे आहे हेच काहींना माहीत नसतं. ‘स्कोपसमध्ये आहे’ असा दावा असेल तर तो स्कोपसच्या यादीतच तपासा आणि संकेतस्थळाचा पत्ताही जुळवून घ्या, कारण खऱ्या नियतकालिकाचं नाव चोरून उभी केलेली संकेतस्थळं आहेत. शुल्क घेतलं म्हणून नियतकालिक खोटं ठरत नाही. मुक्त प्रवेशाची अनेक चांगली नियतकालिकं शुल्क घेतात. पण कुणी वाचायच्या आत पैसे मागितले, किंवा ठरावीक तारखेला छापून देण्याची हमी दिली, तर तिथे थांबा.

मराठीत लिहिणाऱ्यांनी ‘समाज प्रबोधन पत्रिका’, वाईचं ‘नवभारत’, भाषेवरचं काम असेल तर ‘भाषा आणि जीवन’ अशा नियतकालिकांचे जुने अंक ग्रंथालयात बसून चाळावेत. आपल्या प्रश्नावर तिथे आधी कोण काय म्हणून गेलंय हे कळलं, की आपलं म्हणणं कुठून सुरू करायचं तेही कळतं.

यूजीसीच्या २०२२ च्या नियमावलीत प्रबंधापूर्वी प्रकाशनाची सक्ती राहिली नाही. दडपण मात्र संपलेलं नाही: २०१८ च्या नियमांत विद्यापीठातल्या सहायक प्राध्यापकपदाच्या मुलाखतीसाठी उमेदवार निवडताना दर शोधनिबंधाला दोन गुण, कमाल दहा. त्यामुळे घाई होणार. त्या घाईत एक चूक विद्यार्थी हमखास करतात. तज्ज्ञांचा अभिप्राय येतो, ‘मोठे बदल आवश्यक’ असं त्यात असतं, आणि त्यांना वाटतं नकार आला. नकार तसा लिहीत नाहीत. अनोळखी अभ्यासकाने आपला निबंध शब्दन् शब्द वाचल्याचं ते पत्र आहे. दोन-चार दिवस ते बाजूला ठेवा. मग प्रत्येक आक्षेप वेगळा उतरवून त्याखाली आपण काय बदललं, कुठल्या पानावर, ते लिहा. जिथे बदल पटत नाही तिथे का पटत नाही, ते पुराव्यानिशी आणि आदराने सांगा. हे उत्तर पाठवण्याआधी गाईडने एकदा वाचावं. तिच्या दुसऱ्या निबंधाच्या वेळी एका परीक्षकाने विचारलं होतं, वही मुकादमाची, मग त्यातल्या आकड्यांवर विश्वास कसा ठेवायचा? ती परत गावी गेली, त्याच वहीतल्या बायकांना स्वतःचे खाडे तोंडी विचारून आली, आणि दोन्ही आकडे शेजारी-शेजारी ठेवून तिने तक्ता पाठवला.