उन्हाची सवय म्हणजे काय?

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने प्राण्यांच्या पेशींवर लेख लिहावा, हे काही वाचकांस आगाऊपणाचे वाटेल. परंतु हा प्रश्न मला पुस्तकात भेटला नाही. तो नवापूर तालुक्यातील माझ्या मामांच्या कोंबड्यांच्या शेडमध्ये भेटला.

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. अवकाळी पावसामुळे चार-पाच दिवस हवा गार होती. मग आभाळ निवळले आणि ऊन एकाएकी तापले. त्या दुपारी वीज गेली, पंखे थांबले आणि दोन तासांत मामांचे पावणेदोनशे ब्रॉयलर पक्षी मेले. त्याच वेळी अंगणात आजीच्या सात गावठी कोंबड्या जांभळीच्या सावलीत चोची उघड्या टाकून, पंख सैल सोडून बसल्या होत्या. संध्याकाळी त्या नेहमीप्रमाणे दाणे टिपू लागल्या. मामा म्हणाले, "ही जातच नाजूक." आजी म्हणाली, "त्यांना उन्हाची सवय कुठं आहे रे?" दोघांपैकी खरे कोणाचे, हे पाहण्यासाठी मी ग्रंथालयात बसलो. त्यातून जे समजले ते येथे मांडतो.

कोंबडीला घर्मग्रंथी नसतात. तिच्या शरीराचे तापमान मुळातच ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असते. ऊन वाढले की ती धापा टाकते. श्वासावाटे पाण्याची वाफ जाते व अंग थोडे निवते. परंतु धापेबरोबर कार्बन डायऑक्साइडही फार बाहेर जातो आणि रक्ताचा समतोल बिघडतो. उन्हाळ्यात अंड्याचे कवच पातळ होते, त्याचे हे एक मोठे कारण. शरीराचे तापमान आणखी चार-पाच अंशांनी चढले की पक्षी दगावतो.

असे का व्हावे? याचे उत्तर पेशीत आहे. पेशीतील बहुतेक कामे प्रथिने करतात. प्रथिन म्हणजे विशिष्ट घडी घातलेली लांब साखळी. घडी नीट असेल तरच काम होते. उष्णतेने ही घडी उसवते, उसवलेल्या साखळ्या एकमेकींना चिकटतात आणि त्यांच्या गुठळ्या होतात. उकडलेल्या अंड्याचा पांढरा बलक घट्ट होतो, तो याच प्रकाराने.

या संकटावर निसर्गाने एक तोड काढली आहे. तिचा सुगावा योगायोगाने लागला. इटालियन शास्त्रज्ञ फेरुच्चो रितोसा हे फळमाशीच्या अळीतील गुणसूत्रांचा अभ्यास करीत होते. उबवणपेटीचे तापमान चुकून वाढवले गेले आणि लाळग्रंथींतील गुणसूत्रांवर नवेच फुगवटे दिसले. हे निरीक्षण १९६२ साली प्रसिद्ध झाले. पुढे १९७४ मध्ये आल्फ्रेड तिसिएर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, उष्णता लागताच पेशी काही खास प्रथिने झपाट्याने बनवू लागते. त्यांनाच 'हीट शॉक प्रोटीन', म्हणजे उष्माधक्का-प्रथिने म्हणतात. जिवाणूंपासून माणसापर्यंत ती जवळजवळ सर्वत्र आढळतात.

ही प्रथिने उसवलेल्या साखळीला धरून ठेवतात, तिला इतरांस चिकटू देत नाहीत आणि पुन्हा घडी घालण्यास मदत करतात. जी दुरुस्त होण्यापलीकडची असतात, ती मोडीत काढली जातात. आता लेखातील मुख्य मुद्दा. प्राण्याला सोसवेल इतकी उष्णता आधी लागली, तर या रक्षकांचा साठा तयार होतो, आणि एरवी प्राणघातक ठरेल असे तापमानही मग तो काही काळ सहन करतो. सहारा वाळवंटातील एक मुंगी तर बिळाबाहेर पडण्यापूर्वीच हा साठा करून ठेवते. मात्र ही शिदोरी फार दिवस टिकत नाही. गारवा आला की ती ओसरू लागते.

पेशीच्या या तयारीखेरीज सबंध शरीराचीही एक सवय असते. ती जडायला दिवस, कधी आठवडे लागतात. प्राणी कमी खातो, पाणी जास्त पितो आणि शरीरातील उष्णता कमी निर्माण करतो. याची किंमतही द्यावी लागते. दूध घटते, अंडी घटतात, वजन वाढत नाही.

म्हणजे मामांचे म्हणणे अर्धे खरे होते. झपाट्याने वाढणारा ब्रॉयलर स्वतःच शेगडीसारखा तापतो. त्यात दाटीवाटी, आणि सावली निवडण्याची मुभा नाही. परंतु आजीचे म्हणणेही खरे होते. चार दिवसांच्या गारव्यानंतर ऊन एकदम आले. तयारीला सवडच मिळाली नाही. आजीच्या कोंबड्या फाल्गुनापासून रोज थोडे थोडे ऊन अंगावर घेत आल्या होत्या. पिल्लू तीन ते पाच दिवसांचे असताना त्याला सुमारे एक दिवस ३६ ते ३८ अंशांची ऊब दिली, तर पुढे ते उष्णता अधिक सोसते, असे प्रयोगांत आढळले आहे.

फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरचे नाव देशभर झाले, ते भारतातील पहिल्या बर्ड फ्लूमुळे. रोगाची बातमी होते. उन्हाने मेलेल्या पक्ष्यांची नोंद बहुधा मालकाच्या वहीतच राहते. म्हणूनच साध्या गोष्टींचे मोल मोठे आहे. दुपारचे खाद्य बंद ठेवून ते पहाटे व सायंकाळी द्यावे, कारण पचनातूनही उष्णता निर्माण होते. थंड पाणी सतत असावे, छपरावर पाचट टाकून ते भिजवावे, दाटी कमी करावी. गारव्यानंतरचे पहिले कडक ऊन सर्वांत धोक्याचे, हे ध्यानात ठेवावे.

"सवय होईल" असे आपण सहज म्हणून जातो. पण सवय ही सक्तीने लादता येत नाही. तिला वेळ लागतो, पाणी लागते, विसावा लागतो आणि तिला मर्यादाही असते. यंदा मामांनी माघातच छपरासाठी पाचट आणून ठेवले. ते पाहून आजी काही बोलली नाही, नुसती हसली.