अर्धा दिवस तुझा

अगं, रविवार उजाडला की तुझं ठरलेलंच. चादरी भिजवायच्या, दळण न्यायचं, मेथी निवडायची. मधेच मोबाइलवर कुणाचे तरी हरिश्चंद्रगडावरचे फोटो बघायचे आणि म्हणायचं, "आपल्याला कुठलं जमतंय!" खरं सांगू का, तुला वेळ नसतो हे मला ठाऊक आहे. पण तू दिवसभराचा गड डोळ्यांपुढे धरतेस आणि हातात असलेला अर्धा दिवसही घालवतेस. म्हणून माझं एक ऐक. सकाळी लवकर निघायचं आणि दुपारच्या जेवणाला घरी यायचं. एवढ्यात बसेल तेच ठिकाण धरायचं.

आता बघ, आपलं आणे पठारावर. घाट उतरला की गुळुंचवाडी. तिथे मळगंगेच्या देवळाजवळ तो दगडी नैसर्गिक पूल आहे ना, पहिला रविवार त्याचा. सोमवारी बेल्ह्याच्या बाजाराला जाताना तू कितीदा त्याच्या जवळून गेली असशील, पण उतरून पाहिलायस का? ओढ्याच्या पाण्याने खालचा ठिसूळ खडक झिजवून नेला, वरचा कठीण थर तसाच राहिला आणि कमान तयार झाली. कुणी गवंडी नाही, चुना नाही. पोरांना भूगोल शिकवायला याहून चांगली जागा नाही. आणि सासूबाईंना 'फिरायला जाते' म्हणू नकोस गं, 'मळगंगेच्या दर्शनाला चला' म्हण. त्या स्वतःच तुझ्याआधी तयार होतील. फक्त ओढा जोरात वाहत असला तर खाली उतरायचं नाही, वरूनच बघायचं.

पावसाळ्यात सगळे नाणेघाटाकडे पळतात. पण आपल्या जुन्नर तालुक्याचा पाऊस पश्चिमेला कोसळतो आणि पूर्वेकडे येता येता विरळ होतो. तिकडे धुकं, चिखल आणि गर्दी असते तेव्हा आपलं पठार हिरवं होऊन चालण्याजोगं असतं. दुष्काळी म्हणून आपणच त्याला नावं ठेवतो, पण भादव्यात बघ एकदा. नळवण्याच्या खंडोबाला जा, टेकडीवरून चारी बाजू दिसतात.

पाय जरा रुळले की नगरच्या दिशेला निघ. टाकळी ढोकेश्वरला डोंगरात कोरलेली लेणी आहेत, पायऱ्या चढून जायचं. आत महादेव आहे आणि भिंतीवर सप्तमातृका. सात आया एका रांगेत बसलेल्या बघून माझी जाऊ म्हणाली, "यांच्या घरी स्वयंपाक कोण करतं?" तिकडेच वडगाव दर्या आहे. दरीत दर्याबाई-वेल्हाबाईचं ठाणं, आणि कपारीतून पाणी झिरपून तयार झालेले लोंबते लवणस्तंभ. तिथे माकडं आहेत, तेव्हा पिशवी गच्च धर.

शिवनेरी आणि लेण्याद्री त्यानंतर. दोन्हीकडे पायऱ्या आहेत, धाप लागली तर बसता येतं. शिवनेरीचे सात दरवाजे म्हणजे सात विसावेच समज. १९ फेब्रुवारीला, शिवजयंतीला मात्र जाऊ नकोस, लेकरं गर्दीत सांभाळता येणार नाहीत. या दोन्ही जागी मधमाश्यांची पोळी असतात, म्हणून अंगावर अत्तराचा फवारा मारायचा नाही आणि जवळपास धूर करायचा नाही. जीवधन गडाचं नाव एवढ्यात काढू नकोस. त्याच्या कातळात कोरलेल्या उभ्या पायऱ्या वाटाड्या असल्याशिवाय चढायच्या नाहीत.

आता तुझ्या मनातल्या त्या गोष्टी, ज्या तू विचारत नाहीस. पहिली, लघवीची. बायका या भीतीने पाणीच पीत नाहीत आणि मग उन्हात चक्कर येते. असं करू नकोस. निघताना आणि हमरस्त्यावरच्या एखाद्या हॉटेलात जाऊन घे, आणि वर गरज लागली तर दोघींनी ओढणी धरायची, तिसरीने जायचं. त्यात लाजायचं काय? पाळी आली असेल तर एक जास्तीची कागदी पिशवी ठेव, वापरलेलं परत घरी आण. जमतंय असं वाटलं तर जा, नाही वाटलं तर पुढचा रविवार आहेच.

दुसरी, बिबट्याची. आपल्या जुन्नरात ऊस आहे तिथे तो आहे, हे खोटं कशाला सांगू? पण तो निघतो मुख्यतः अंधारात. म्हणून पहाटेच्या काळोखात निघायचं नाही, दिवस मावळायच्या आत परतायचं. लहान पोर रांगेच्या शेवटी चालवायचं नाही, मधे ठेवायचं. मोठ्याने बोलत चालायचं, आणि ते तर आपल्याला शिकवायला नको! दिसलाच तर पळू नका, वाकू नका, पोरांना उचलून घ्या आणि त्याच्याकडे तोंड ठेवून मागे सरका. वनखात्याचा १९२६ आणि पोलिसांचा ११२ मोबाइलमध्ये आत्ताच लिहून ठेव.

डब्याला बाजरीची भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी. आमटी घेऊ नकोस. आपल्या आण्याच्या रंगदास स्वामींच्या यात्रेतली आमटी-भाकरी खाऊन वाढलेल्या मला एकदा ती पिशवीतून न्यायची हौस आली होती. पिशवी अजून पिवळी आहे. पायात जुने, रुळलेले बूट घाल, आणि पाणी माणशी दोन बाटल्या, कारण पठारावर वाटेत मिळेलच असं नाही.

घरी काय होईल याची काळजी करू नकोस बघ. शनिवारी रात्री डाळ-तांदूळ धुवून ठेव, आल्यावर कुकर लावायचा. चादरी बुधवारीही वाळतात गं. आज संध्याकाळीच जाऊबाईला आणि शेजारच्या एकीला फोन कर. 'बघू' असं काही म्हणायचं नाही, सरळ म्हणायचं, "रविवारी सातला गुळुंचवाडी, बारापर्यंत घरी." आणि निघण्याआधी परतायची वेळ घरी सांगून ठेव. पुढच्या वेळी घरचेच विचारतील, आता कुठं?