दुब्रोव्हनिक पाहायचं कसं?

क्रोएशियाच्या दक्षिण टोकाला, एड्रिॲटिक समुद्राच्या काठावर तटबंदीतलं दुब्रोव्हनिक उभं आहे. क्रूझवरून आलेले बहुतेक लोक ते तीन-चार तासांत उरकतात. मुख्य रस्त्यावर फोटो, एक आइस्क्रीम, की निघाले. या शहरावर हा अन्याय आहे. निदान दोन रात्री मुक्काम करा आणि पुढच्या क्रमाने फिरा.

आधी कागदपत्रं. 1 जानेवारी 2023 पासून क्रोएशिया शेंगेनमध्ये आहे आणि चलन युरो आहे, त्यामुळे जुन्या प्रवासवर्णनांतला ‘कुना’ विसरा. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, तो शेवटच्या आठवड्यांवर ढकलू नका. मे किंवा सप्टेंबरची अखेर उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन आणि गर्दी दोन्ही सोसवत नाहीत. ग्रुझ बंदरात कोणत्या दिवशी किती जहाजं येणार, याचं वेळापत्रक आधीच जाहीर होतं. ते पाहून तारखा ठरवा. खोली घेताना भाड्याइतकंच ‘पायऱ्या किती?’ हेही विचारा, कारण जुन्या शहरात गाडी येत नाही आणि कडेच्या गल्ल्या म्हणजे नुसत्या पायऱ्या. घरातली वडीलधारी मंडळी बरोबर असतील तर मुख्य रस्त्याजवळचीच खोली पाहा.

पहिली सकाळ तटासाठी राखून ठेवा. तटाचं वेगळं तिकीट आणि दुब्रोव्हनिक पास यांच्या किमतीत फारसा फरक नसतो, शिवाय पासात संग्रहालयं आणि शहर बसही येते. म्हणून पासच घ्या. दार उघडायच्या वेळी हजर राहा. पश्चिमेच्या पिले दरवाज्याशी रांग लागते, त्यापेक्षा पूर्वेच्या प्लोचे बाजूने चढा. तटावर एकाच दिशेने, घड्याळाच्या उलट, चालावं लागतं. प्लोचेकडून निघालात की मिन्चेता बुरुजाचा चढ गारव्यातच संपतो आणि समुद्राची बाजू शेवटी येते. लांबी 1940 मीटर, सावली जवळपास नाही. टोपी आणि पाणी हवंच.

मिन्चेतावर पोचलात की घाई करू नका. खाली सगळी कौलं दिसतात. त्यांतली काही फिकट, पिवळट, डागाळलेली, तर बाकीची एकसारखी भडक नारिंगी. भडक कौलं बहुतेक क्रोएशियाच्या स्वातंत्र्ययुद्धात शहराला पडलेल्या 1991-92 च्या वेढ्यानंतर बसवलेली. 6 डिसेंबर 1991 ला या शहरावर सर्वांत भीषण तोफमारा झाला. जुन्या शहरातल्या 824 इमारतींपैकी सुमारे 68 टक्के इमारतींना तोफगोळ्यांनी गाठलं होतं. फिकट कौलं किती कमी उरली आहेत, ते स्वतः पाहा. इथे मिळणारी समज कुठल्याही माहितीफलकातून मिळत नाही.

उतरल्यावर स्ट्रादून या मुख्य रस्त्याने चाला. चुनखडीच्या लाद्या पावलांनी घासून गुळगुळीत झाल्या आहेत, पावसात घसरतात, तेव्हा तळव्याला पकड असलेले बूट घाला. 1667 च्या भूकंपानंतर बांधलेल्या इथल्या दुकानांचं दार नीट बघा. एकाच कमानीत अर्धा भाग दरवाजा, अर्धा भाग कट्टा. दुकानदार आत उभा राहून कट्ट्यावरून माल देई. रस्त्याच्या टोकाला ओनोफ्रियोचं कारंजं आहे. तिथलं पाणी पिण्याजोगं आहे, बाटली भरून घ्या. शेजारच्या फ्रान्सिस्कन मठातलं औषधालय 1317 पासूनचं.

दुपारी रेक्टरचा वाडा पाहा. दुब्रोव्हनिक पूर्वी एक छोटं प्रजासत्ताक होतं. त्याचा प्रमुख, म्हणजे रेक्टर, फक्त एक महिन्यासाठी निवडला जाई आणि त्या महिन्यात कामाशिवाय त्याने वाड्याबाहेर पडायचं नाही, असा नियम होता. तिथून प्लोचे दरवाज्याबाहेर लाझारेतीकडे जा. साथीच्या प्रदेशातून आलेल्यांनी महिनाभर बाहेर थांबूनच आत यावं, हा कायदा या शहराने 1377 मध्येच केला होता. लाझारेतीच्या या दगडी इमारती नंतरच्या, पण काम तेच. तट कितीही जाड असला तरी 1808 पर्यंत हे प्रजासत्ताक टिकलं ते अशा सावधपणामुळे आणि मुत्सद्देगिरीमुळे, असं माझं ठाम मत आहे.

जेवणाची चिंता शाकाहाऱ्यांनी करू नये. ‘ब्लित्वा’ मागा. लसूण आणि ऑलिव्ह तेलातली ही बटाटा-पालेभाजी जवळपास सगळीकडे मिळते. मासे खाणाऱ्यांनी जवळच्या स्तोन गावची कालवं चुकवू नयेत.

संध्याकाळी केबल कारने 412 मीटर उंचीच्या सर्ज डोंगरावर. दुसऱ्या दिवशी जुन्या बंदरातून होडीने लोक्रुम बेटावर पोहायला जा. तिथे मुक्कामाला परवानगी नाही, शेवटच्या होडीची वेळ विचारून ठेवा.

एक विनंती. तटाच्या आत आजही माणसं राहतात, आणि दगडी पायऱ्यांवरून आदळत जाणाऱ्या चाकांच्या बॅगा त्यांची झोपमोड करतात. रात्री पोचलात तर बॅग उचलून न्या.