शिकणं फुकट, कागदाला पैसे

उन्हाळी सुट्टी जवळ आली की शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर दोन तऱ्हेचे निरोप वाढतात. एक असतो सरकारी प्रशिक्षणाच्या याद्यांचा. दुसरा असतो 'फक्त ९९ रुपयांत राष्ट्रीय प्रमाणपत्र, आज शेवटचा दिवस' या थाटाचा. पहिला निरोप पाहून कपाळाला आठ्या पडतात, दुसऱ्यावर मात्र मुकाट पैसे भरले जातात. हिशेब मांडला तर गोष्ट उलटी निघते. शिक्षकाला लागणारं बहुतेक शिकणं फुकट किंवा जवळपास फुकट मिळतं. पैसे लागतात ते कागदाला, म्हणजे परीक्षा, पडताळणी आणि पदवी यांना. म्हणून कुठलंही शुल्क भरण्याआधी एकच विचारावं: या कागदाची नोंद माझ्या सेवापुस्तकात होणार आहे का? होणार असेल तर पाकीट उघडायला हरकत नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत अशी अपेक्षा आहे. सीबीएसई शाळांत याची विभागणीही ठरलेली आहे: २५ तास मंडळाच्या किंवा सरकारी संस्थांच्या प्रशिक्षणाचे आणि २५ शाळेतल्या किंवा शाळासमूहातल्या उपक्रमांचे. जिल्हा परिषद किंवा अनुदानित शाळेतल्या शिक्षकाला हे ५० तास खिशाला हात न लावता भरता येतात. केंद्रस्तरीय शिक्षण परिषद, डाएटची प्रशिक्षणं आणि 'दीक्षा' अ‍ॅप एवढ्यावर भागतं.

'दीक्षा' २०१७ साली आलं आणि त्यावरचे 'निष्ठा'चे अभ्यासक्रम मोफत आहेत. खर्च फक्त डेटाचा, तोही वाचवता येतो. शाळेत किंवा घरी वायफाय असेल तिथे व्हिडिओ आधी उतरवून घ्यायचे आणि नंतर नेटवर्कशिवाय पाहायचे. एका गोष्टीकडे मात्र डोळ्यात तेल घालून पाहा. प्रोफाइलमध्ये जे नाव असेल तेच प्रमाणपत्रावर छापून येतं. सेवापुस्तकात माहेरचं नाव, आधारवर सासरचं आणि अ‍ॅपवर नुसतं 'सुनीता मॅडम' अशी तीन नावं असली, तर तो कागद कार्यालयात दाखवताना उगाच पंचाईत होते. अभ्यासक्रम सुरू करण्याआधी दोन मिनिटं देऊन नाव दुरुस्त करा. कोर्स पूर्ण होऊनही चाचणीत ७० टक्के पडले नाहीत तर प्रमाणपत्र मिळत नाही, हेही ध्यानात असू द्या. व्हिडिओ चालू ठेवून वह्या तपासणाऱ्यांना ही अट शेवटी भोवते.

समक्ष प्रशिक्षणाला जायचं असेल तर आदेशाची प्रत, कार्यमुक्तीचं पत्र आणि परतताना उपस्थितीचा दाखला, हे तीन कागद हातात असू द्या. प्रवास भत्त्याचं देयक त्यांच्याशिवाय हलत नाही. ते मंजूर होऊन पैसे कधी येतील, हा वेगळा विषय.

'स्वयम्' या सरकारी ऑनलाइन मंचावरही शिकायला पैसे पडत नाहीत. नाव नोंदवा, व्याख्यानं ऐका, स्वाध्याय सोडवा, सगळं मोफत. प्रमाणपत्र हवं असेल तर परीक्षेचं शुल्क भरावं लागतं. अलीकडच्या सत्रांत राष्ट्रीय परीक्षा संस्थेच्या परीक्षेला खुल्या गटासाठी पहिल्या विषयाला ७५० रुपये आणि पुढच्या प्रत्येक विषयाला ६०० रुपये पडतात. एनपीटीईएलच्या अभ्यासक्रमांना १००० रुपये. तिथली मेख अशी की परीक्षेचं शुल्क सत्र चालू असतानाच भरावं लागतं, पण प्रमाणपत्रासाठी स्वाध्यायांत २५ पैकी किमान १० आणि परीक्षेत ७५ पैकी किमान ३० गुण लागतात. पहिल्या उत्साहात हजार रुपये भरायचे, सहामाहीच्या गडबडीत स्वाध्याय बुडवायचे आणि पैशांवर पाणी सोडायचं, हे बरेचदा घडतं. माझं मत विचाराल तर पहिल्या खेपेला परीक्षेच्या भानगडीत पडू नका. अभ्यासक्रम रेटून पूर्ण होतो का ते आधी पाहा.

आता ज्यावर पगार अवलंबून आहे त्याकडे वळू. बारा वर्षांच्या सेवेनंतर वरिष्ठ वेतनश्रेणी आणि चोवीस वर्षांनंतर निवडश्रेणी, दोन्हींसाठी प्रशिक्षण सक्तीचं आहे. पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद ते घेते आणि शुल्क आहे २००० रुपये. सरकारने लादलेल्या प्रशिक्षणाचे पैसे शिक्षकाने का भरायचे, हा प्रश्न संघटनांनी अनेकदा विचारला आहे आणि तो रास्तच आहे. तरी व्यवहार पाहिला तर या लेखातला सर्वांत फायद्याचा खर्च हाच. बारा वर्षं पूर्ण होऊनही प्रशिक्षण राहिलं, तर श्रेणीचा प्रस्ताव अडतो आणि दर महिन्याला तोटा होतो. दोन हजार त्यापुढे किरकोळ.

नोंदणी करताना गट नीट निवडा. प्राथमिक, माध्यमिक, उच्च माध्यमिक आणि अध्यापक विद्यालय असे चार गट आहेत, त्यात पुन्हा वरिष्ठ की निवड हा फरक. अर्ज सायबर कॅफेवाल्याच्या भरवशावर सोडू नका. ई-मेल आणि मोबाइल क्रमांकही स्वतःचाच द्या, पुढचे सगळे निरोप त्यावरच येतात. २०२२ मध्ये हे प्रशिक्षण ऑनलाइन झालं होतं, २०२५ च्या जूनमध्ये समक्ष झालं. समक्ष असेल तर दोन हजारांवर भागत नाही. रोजच्या जाण्यायेण्याला आणि चहा-नाश्त्याला दोनशे रुपये धरले, तरी दहा दिवसांचे आणखी दोन हजार होतात. आणि चोवीस वर्षंवाल्यांसाठी एक सावधगिरी: निवडश्रेणीला २० टक्क्यांची मर्यादा आहे आणि शैक्षणिक अर्हतेच्या अटीही आहेत. प्रशिक्षण झालं म्हणजे श्रेणी मिळालीच असं नाही. शुल्क भरण्याआधी ज्येष्ठता यादीत आपण कुठे आहोत, ते कार्यालयात जाऊन पाहून या.

दुसरा विषय टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा. सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी दिलेल्या निकालानुसार, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्या कार्यरत शिक्षकांना दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायचं आहे. ज्यांची पाच वर्षांपेक्षा कमी सेवा उरली आहे ते परीक्षेविना नोकरीत राहू शकतात, पण पदोन्नती हवी असेल तर त्यांनाही परीक्षा चुकत नाही. अल्पसंख्याक संस्थांचा मुद्दा मोठ्या खंडपीठाकडे गेला आहे. वीस-वीस वर्षं वर्ग सांभाळलेल्या माणसाला पुन्हा पर्याय रंगवायला बसवणं कितपत योग्य, यावर वाद घालता येईल. तो घालत असताना अर्जही भरून ठेवावा, एवढंच सांगेन.

अर्जाचा खर्च असा. राज्य परीक्षा परिषदेच्या महाटीईटीला एका पेपरचे १००० रुपये आणि दोन्हींचे १२००. अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांग उमेदवारांना ७०० आणि ९००. केंद्राच्या सीटीईटीलाही खुल्या गटात १००० आणि १२००च, अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांगांना ५०० आणि ६००. पहिला पेपर पहिली ते पाचवी शिकवणाऱ्यांचा, दुसरा सहावी ते आठवीचा. पहिलीला शिकवणाऱ्यांनीही जास्तीचे दोनशे रुपये भरून दोन्ही पेपर द्यावेत, असं मी म्हणेन. उद्या पदवीधर शिक्षकाच्या जागेचा विषय निघाला तर दुसरा पेपर कामी येतो. शिवाय महाटीईटीचे दोन्ही पेपर एकाच दिवशी, एक सकाळी आणि एक दुपारी होतात, त्यामुळे प्रवास एकदाच.

प्रवास म्हटलं की केंद्राचा प्रश्न येतो. परीक्षा जिल्ह्याच्या ठिकाणी असते. बारामतीच्या गुरुजींना पुणे जवळ, पण भामरागडच्या शिक्षिकेला गडचिरोली दीडशे किलोमीटरहून लांब, म्हणजे आदल्या रात्रीचा मुक्काम आला. एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे हा त्यातल्या त्यात दिलासा. मुक्काम आणि जेवण धरून दूरच्या तालुक्यातल्या परीक्षार्थीचा खर्च अर्जाच्या शुल्काहून वर जातो, तेव्हा तो आधीच बाजूला काढून ठेवा.

क्लास लावावा का? परीक्षा १५० प्रश्नांची, वेळ अडीच तास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. खुल्या गटाला ९० गुण पुरेत. मानसशास्त्र सोडलं तर अभ्यासाचं बरंचसं साहित्य बालभारतीच्या पुस्तकांत आहे आणि ती पुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावरून मोफत उतरवता येतात. गणित-विज्ञानाच्या शिक्षकाला भाषेत आणि भाषेच्या शिक्षकाला गणितात अडतं. तिथे क्लासपेक्षा शेजारच्या वर्गातल्या सहकाऱ्याला धरणं स्वस्त आणि बिनचूक. तरीही क्लास लावायचाच असेल तर जाहिरातीतला आकडा अंतिम समजू नका. कोचिंगवर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे आठ हजारांच्या क्लासचे ९,४४० होतात. कर घेतला असेल तर पावतीवर जीएसटी क्रमांक आहे का ते पाहा. क्रमांक नसेल तर तुमच्याकडून कर घेण्याचा त्यांना अधिकार नाही.

पदवीचा खर्च सर्वांत मोठा. सेवेतल्या शिक्षकांसाठी नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि इग्नू असे दोन रुळलेले रस्ते आहेत. इग्नूच्या बी.एड.चं पूर्ण शुल्क ५५,००० रुपये आहे. त्यात संपर्कसत्रांचा प्रवास, पाठ टाचणांची छपाई आणि सरावपाठांचं साहित्य धरलेलं नाही. प्रवेशाआधी संस्थेची किंवा जिल्हा परिषदेची लेखी परवानगी घ्या. पदवी हातात आल्यावर कार्योत्तर परवानगीसाठी खेटे घालण्यापेक्षा ते बरं.

वर्गात उद्या काय करायचं, यासाठी मात्र कागद लागत नाही. अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर टाकाऊतून खेळणी करण्याच्या कृती आणि कितीतरी मराठी पुस्तकं मोफत आहेत. काडेपेटी, सायकलची ट्यूब आणि स्ट्रॉ एवढ्यावर विज्ञानाचा तास होतो, दहा-वीस रुपयांत. 'किशोर'चे जुने अंक ऑनलाइन आहेत. 'पालकनीती' आणि 'शैक्षणिक संदर्भ' या नियतकालिकांची वर्गणी दोन-चार जणांनी मिळून भरली तर कुणालाच जड जात नाही.

राहिली ९९ रुपयांची प्रमाणपत्रं. आयोजक कोण, मान्यता कुणाची आणि तासांची नोंद कुठे होते, हे तिन्ही लेखी विचारा. उत्तराऐवजी पुन्हा जाहिरातच आली तर पैसे वाचले.

शेवटी आयकराचं, कारण मार्चमध्ये दर वर्षी कुणीतरी विचारतंच. ८०-सी खाली मुलांची शिक्षण फी चालते, स्वतःच्या बी.एड.ची नाही. पण बँकेकडून शैक्षणिक कर्ज काढून शिकलात, तर त्याच्या व्याजावर ८०-ई खाली वजावट मिळते, स्वतःच्या शिक्षणासाठीसुद्धा. अट एवढीच की तुम्ही जुन्या करप्रणालीत असायला हवं. नवी प्रणाली निवडली असेल तर तो रस्ता बंद.