लौकिक आणि शील

नागपूरहून पूर्वेस जाणारा लोहमार्ग राजनांदगाव व दुर्ग मागे टाकून भिलाईच्या पावर हाउस स्थानकाशी येतो. भिलाईचा पोलाद कारखाना १९५९ साली सुरू झाला. त्यापूर्वी ६६ वर्षे, १८९३ साली, याच मार्गाने कवी नारायण वामन टिळक नोकरीसाठी राजनांदगावकडे चालले होते. डब्यातील एका युरोपीय प्रवाशाने त्यांच्याशी बरोबरीच्या नात्याने संभाषण केले आणि निरोपाच्या वेळी ‘नवा करार’ हाती ठेवला. राज्यकर्त्यांच्या वर्णाचा माणूस एतद्देशीयाशी असे वागेल, ही अपेक्षा त्या काळी क्वचितच कोणी बाळगी. टिळकांनी ग्रंथ वाचला तो या वर्तनाच्या भरवशावर.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. आप्त दुरावले, पत्नी लक्ष्मीबाईंचा काही वर्षे वियोग घडला. त्या परतल्या तेव्हा प्रथम आपले सोवळे पाळीत राहिल्या, आणि टिळकांनी ते पाळू दिले. १९०० साली लक्ष्मीबाईंनी स्वेच्छेने बाप्तिस्मा घेतला. १९१७ साली टिळकांनी मिशनचे वेतनही सोडले.

लौकिक इतरांच्या मुखी असतो. शील आपल्या हाती असते. बाप्तिस्मा एकदाच होतो, परंतु सहप्रवाशाशी कसे बोलावे, घरातील भिन्न मत कसे सोसावे, हा निर्णय ख्रिस्ती माणसाला रोज नव्याने घ्यावा लागतो. त्याच्या धर्माची पारख शेजारी करतात ती याच निर्णयांवरून.